सतरा केसपेपर

१९९१ साली परभणीच्या दवाखान्यात माझ्या शेजारी झरी गावचं एक जोडपं बसलं होतं. चतुराबाई नुकत्याच आतून आल्या होत्या. नवरा बन्सीधर गोंधळून विचारत होता.

“काय म्हनले डाक्टर?”

“औरंगाबादचे सायेब हायत. जुने केसपेपर कम्प्यूटरात भरायलेत. मी तीन सालात सतरा बारी आले म्हने.”

“मंग? कदी डोस्कं, कदी कंबर. दुखत व्हतं म्हून आलीस.”

“तपासनीत एकबी बारी काई निघालं न्हाई म्हने. मन लय उदास ऱ्हातं का, आसं इचारलं.”

“कागदावरून मन कसं कळंल?”

“मलाबी न्हाई समजलं. पैली बारी आलात त्याच्या आदी घरात काय झालं व्हतं, म्हनले.”

“काय झालं व्हतं?”

“अवो, आपली लेक कौशी वारली न्हाई का!”

“तू तर रडलीबी न्हाईस तवा.”

“तुमी जेवन सोडलं व्हतं. मी रडत बसले असते, तर तुमाला कोनी जेवू घातलं असतं?”

बन्सीधरनं डोक्यावरची टोपी नीट केली. मग उठला.

“कुटं निघालाव?”

“सायबाला इचारतो. ज्यानं कदी केसपेपरच काडला न्हाई, त्याचं मन कसं कळतं?”