काविळीचं पथ्य

बारक्या: अगं पण तू दिसतच नाहीयेस, ताई! बघ ना नीट. चेहरा धूसर, केस धूसर, मागची भिंतसुद्धा धूसर केली, कारण तिच्यावर आपलं कॅलेंडर होतं. आवाज असा जाड केलाय की आईलासुद्धा ओळखू येणार नाही. अजून काय करू मी?

ताई: परत लाव.

बारक्या: किती वेळा? संध्याकाळी फिल्म द्यायचीये, उद्या सकाळी कॉलेजच्या हॉलमध्ये दाखवणार, सगळे विभाग, सगळे पालक, वर ते परीक्षक, आणि माझं अजून शेवटचं संगीत लावायचंय...

ताई: बारक्या, लाव.

(संगणकाच्या पडद्यावर धूसर चेहरा. घोगरा आवाज: "आईने सगळ्यांना सांगितलं, मला कावीळ झालीय. मग जो आजार मला नव्हता त्याचं पथ्य मी पाळत बसले. जो होता, त्याचं पथ्य कुणी विचारलंच नाही.")

ताई: खंडणी मागतेय का मी?

बारक्या: जाड्या पण हेच म्हणाला! काल आमच्या फिल्मच्या ग्रुपला दाखवली ना, तर तो म्हणतो, "पैसे कुठल्या पुलाखाली ठेवायचे ते नाही सांगितलं तिने." सगळे खोखो हसले. म्हणजे तुला नाही हसले हं. त्यांना माहीतच नाही तू आहेस ते. आवाजाला हसले. पण नंतर ही ओळ आली ना, ताई, शपथ सांगतो, एकदम चिडीचूप. जाड्यासुद्धा गप्प! तो जेवतानासुद्धा गप्प बसत नाही.

ताई: फिल्मचं नाव काय आहे?

बारक्या: माहितीये की तुला. "लाज कसली?"

ताई: आणि त्यात मी अशी. बातम्यांत पाकीटमाराला दाखवतात तशी.

बारक्या: तूच म्हणालीस ना, चेहरा नको म्हणून!

ताई: म्हणाले. चूक तुझी नाही. मला एवढंच सांग, आपल्या कॉलेजात अख्खं वर्ष कावीळ झालेल्या मुली किती आहेत?

बारक्या: किती म्हणजे... एक तू...

ताई: आणि?

बारक्या: आणि... अरे देवा.

ताई: चेहरा झाकलास आणि नाव सांगून टाकलंस, शहाण्या.

बारक्या: माझ्या डोक्यातच नाही आलं! घरात तो शब्द इतका वापरून वापरून... मला वाटायचं तुला खरंच... म्हणजे तसं नाही, पण कुणी विचारलं की तोंडातून आपोआप तेच येतं. थांब, काहीतरी करू. त्या शब्दावर बीप टाकतो.

ताई: बीप टाकलास तर लोकांना वाटेल आईने शिवी दिली.

बारक्या: मग दुसरा आजार घालू. टायफॉइड! तुझा आवाज जाड केलेलाच आहे, मीच बोलतो तेवढा शब्द.

ताई: खोटं पकडलं जाऊ नये म्हणून त्याच्या जागी दुसरं खोटं. लाज नसण्यावरच्या फिल्ममध्ये. घाल.

बारक्या: मग सरळ ओळच काढून टाकतो. काढू? पण ती काढली तर उरतं काय गं? जाड्या गच्चीवर उदास चालतोय, आणि समुपदेशक मॅडम म्हणतायत, "बोला, मोकळे व्हा." बास. असल्या फिल्म सगळेच विभाग करणार. सगळ्यांकडे गच्ची आहे.

ताई: मला विचार करू दे रे. दमलेय मी.

बारक्या: कालही तेच म्हणालीस. ताई... गोळी घेतलीस ना?

ताई: घेतली. हे ते दमणं नाही. हे कँटीनचं दमणं आहे. आजही समोरच्या मुलीने काहीतरी तळलेलं घेतलं आणि पटकन ताट ओढून घेतलं. "अय्या सॉरी, तुला चालत नाही ना!" किती प्रेमाने. मावसबहिणीच्या लग्नात मला वेगळं उकडलेलं वाढलं, आचाऱ्याला मुद्दाम सांगून. मी आपली बसलेय भोपळा चिवडत. यकृताने काय घोडं मारलंय कुणाचं? ते ठणठणीत आहे बिचारं!

बारक्या: मग ठेवूया ना ओळ! चेहराही ठेवू! ताई, खरंच, अख्खा हॉल उभा राहील. काय धीट मुलगी आहे म्हणतील...

ताई: मला धीट व्हायचं नाहीये, बारक्या. तुझं बक्षीसही मला नकोय. मला फक्त ही कावीळ संपवायचीये.

बारक्या: मग अडलं कुठे?

ताई: उद्या हॉलमध्ये पुढच्या रांगेत कोण बसणार आहे?

बारक्या: पालक. म्हणजे... आई.

ताई: मग? तिला तिथे कळू दे का, सगळ्यांदेखत?

आई: तिथे कशाला? इथेच कळलं.

बारक्या: आई! तू कधी आलीस?

आई: दार उघडं होतं. म्हटलं कोण एवढं घोगरं बोलतंय घरात, शेजारी विचारतील. आणि ऐकते तर काय, आईने असं सांगितलं, आईने तसं सांगितलं. बरं झालं, म्हातारपणी नाव निघालं सिनेमात.

ताई: आई, ती ओळ काढतोय आम्ही.

आई: मी म्हटलं काढा? मी फक्त एक विचारते. ज्या दिवशी तुझी मोठी काकू दारात उभी राहिली, तू चार दिवस अंथरुणातून उठली नव्हतीस. केसांचा गुंता झालेला. अंघोळ नाही, बोलणं नाही. ती म्हणाली, "काय झालंय हिला?" काय सांगणार होते मी? डॉक्टर जो शब्द म्हणाले तो मला धड उच्चारता येत नव्हता. जे तोंडाला आलं ते बोलले.

ताई: मी तुला दोष देत नाहीये गं.

आई: दे की. पण हेही घाल तुझ्या सिनेमात. काविळीला माणसं आली. पिशव्या भरभरून फळं आणली. मोसंबी सोलून सोलून माझे हात सोलले. तुझ्याजवळ बसली, डोक्यावरून हात फिरवला. खरं सांगितलं असतं तर कोण आलं असतं? तूच सांग. मोसंबी कुणी आणली असती?

बारक्या: आई, अगं म्हणून तर ही फिल्म...

आई: तू गप्प बस रे. तू कॅमेरा धरतोस, दार मी उघडते.

ताई: कुणी नसतं आलं, आई. खरंय तुझं.

आई: मग?

ताई: पण आले ते सगळे काविळीला भेटून गेले. मी तिथे होते, आणि मला भेटायला कुणी आलंच नाही. उलट त्यांच्यासमोर मला नीट आजारी दिसावं लागायचं. एकदा मामी माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "पिवळेपणा कमी झाला हं!" आणि मी म्हटलं, "हो, मामी." त्या दिवशी मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. रोजच्यापेक्षाही.

आई: हे बोलली नाहीस कधी.

ताई: तू इतकी मोसंबी सोलत होतीस.

आई: बारक्या.

बारक्या: काय?

आई: तो जाड आवाज काढ. माझ्या पोरीचा आवाज असा नाही.

बारक्या: काढू? खरंच? ताई, काढू ना? आणि तो धूसरपणा? पण मूळचं रेकॉर्डिंग जरा खरखरतंय गं, पंखा चालू होता, त्यापेक्षा नवीनच घेऊ, आत्ताच, उजेड आहे खिडकीतून, एका दमात होईल! ताई, तू तिथे बस. आई, तू जरा सरक.

ताई: हळू रे. जीव घेशील.

आई: एक आहे पण. "आईने सांगितलं" असं नको म्हणूस. "घरच्यांनी सांगितलं" म्हण. एवढं कर माझ्यासाठी.

ताई: बरं.

बारक्या: पंखा बंद केला. कुणी हलू नका. बोल, ताई.

ताई: घरच्यांनी सगळ्यांना सांगितलं, मला कावीळ झालीय. मग जो आजार मला...

आई: थांब, थांब.

बारक्या: आई! मध्ये बोलायचं नसतं!

आई: घरच्यांनी म्हटलंस तर लोक तुझ्या बाबांना धरतील. ते बिचारे तेव्हा तुझ्या खोलीबाहेर स्टूल टाकून बसायचे नुसते, पेपर उलटा धरून. त्यांचं काय आहे त्यात?

ताई: मग काय म्हणू?

आई: काय म्हणू काय? आईनेच सांगितलं ना? तेच म्हण.

ताई: नक्की? पुढच्या रांगेत बसायचंय तुला.

आई: बसेन. काकूला शेजारी बसवते माझ्या.

बारक्या: चालू करतोय. बोल.

ताई: आईने सगळ्यांना सांगितलं, मला कावीळ झालीय. मग जो आजार मला नव्हता त्याचं पथ्य मी पाळत बसले. मी एकटीने नाही. आईनेही पाळलं. मला एकटीला उकडलेलं खावं लागू नये म्हणून तिने घरातलं तळणच बंद केलं. जो होता, त्याचं पथ्य... ते आम्हाला दोघींनाही कुणी सांगितलं नाही.

बारक्या: ...कट. ताई, हे तर आधी नव्हतंच त्यात.

ताई: असू दे.

आई: झालं का रे तुमचं?

बारक्या: झालं म्हणजे, आता जोडायचं, रंग सारखा करायचा, मग संगीत... का?

आई: हात मोकळे झाले की वरच्या फळीवरची कढई काढून दे. मागे आहे, डब्यांच्या.

ताई: अगं, मला भूक नाहीये.

आई: मला आहे.