प्रस्तरभंगाला शिंगं

(शहापूर. तान्ह्या पोळ्याचं तोरण. पोरं आपापले लाकडी नंदी घेऊन रांगेत उभी. रांगेत टीनामॅडमही, शाळेतले डोंगर-खाणीचे लाकडी नमुने घेऊन.)

तेजराम : बैल आहे ना मॅडम? मग शेपूट कुठं आहे?

टीना : खाणीला शेपूट नसते, तेजरामभाऊ.

तेजराम : म्हणजे कबूल! हा बैल नाही.

टीना : चाकं आहेत, झूल आहे, घुंगरू आहेत. तुमच्या नातवाच्या नंदीला एक कान नाही, त्याला काही बोलले नाही तुम्ही.

तेजराम : तो कान उंदरानं खाल्ला. अन् हे शाळेच्या कोठीतलं लाकूड आहे! शाळा समितीचा अध्यक्ष म्हणून मीच सांगितलं, कोठी खाली करा, लाकूड आजच्या महाप्रसादाच्या चुलीत घाला. इथं काहून आणलं?

टीना : चुलीतून वाचवायलाच आणलं. भूगोल यावरच शिकवते, असं सांगून पाहिलं. तुम्ही म्हणाले, लाकूड म्हणजे लाकूड, आता डोंगर पडद्यावर दाखवा. मग मी चाकं लावली.

तेजराम : साऱ्याइले?

टीना : सगळ्यांना. तो पुढचा वाकलेल्या थरांचा डोंगर. सागवान, शिसम, बिजा, प्रत्येक थराला वेगळं लाकूड. त्याच्यामागं प्रस्तरभंग. जमीन तडकते अन् एक बाजू खाली सरकते, म्हणून त्याचं एक शिंग वर आहे, एक खाली.

तेजराम : मजाक करून राहिल्या? नंदी सजावटीचा मी परीक्षक आहे. हे सारे बाद! चला रे पोट्टेहो, न्या चुलीपाशी.

टीना : पूजा झालेला नंदी चुलीत घालता?

तेजराम : पूजा? कोणी केली?

टीना : तुम्ही. मघाशी कुंकू लावत आले रांगेतून, तोंड पूर्ण वेळ फोटोवाल्याकडं. हा पाहा फोटो. प्रस्तरभंगाच्या पाया पडून राहिले तुम्ही.

तेजराम : डिलीट करा.

टीना : गावाच्या ग्रुपवर गेला. आमच्या वहिनींनी, तुमच्या घरून, फोटोखाली हात जोडले आहेत.

तेजराम : निर्मलाकाकू, तुम्ही जाणत्या. सांगा हिले, हे बैल होय का?

निर्मलाबाई : मले काय विचारतं? कुंकू तूनं लावलं.

तेजराम : काकू!

निर्मलाबाई : माह्या कमलेशचे बाबा मँगनीजच्या खाणीत होते. अक्षर येत नव्हतं. खाणीतला साहेब त्या मागच्या खोक्याचं, तवा ते खाणीतच होतं, झाकण काढे. आत बोटाएवढे लाकडी मजूर, डोक्यावर टोपल्या. इथचा टेकू काढला त छत कसं खाली येते, ते दाखवे. मंग हे घरी येऊन जेवता जेवता मले शिकवत. चार मिरच्या उभ्या करत, वर भाकर. मिरची पडली त म्हणत, मेले सारे. मी हासो. पण रोज घरी येत.

तेजराम : खरं आहे काकू. पण आता साऱ्या मशिनी आल्या. अन् चुलीले लाकूड तर पाहिजेच ना?

निर्मलाबाई : माहा पलंग ने. ते गेल्यापासून कोणी झोपत नाई त्याच्यावर. हे नाई जळत. नेतो म्हणशील त मी बी बसतो रांगेत. लाव मले कुंकू.

तेजराम : उठा काकू, लोकं पाहून राहिले. पलंग बी नको. पण बक्षीस नाही देणार! अन् कोठीची चाबी बी नाही.

निर्मलाबाई : ठेवाले माही छपरी हाय. आण व टीना, दोरी दे. मी ओढतो.

टीना : रस्त्यात गोटे आहेत काकू. मी ओढते.

निर्मलाबाई : ओढ. पण हळू. आत माणसं हायेत.