घड्याळातली पावलं

संयोगिता : आबा, तो मोबाइल ठेवा खाली आणि शर्ट घाला. गाडी दारात उभी आहे.

गणपतराव : आगं संयू, पुण्यास्नं वाऱ्यावर बसून आलीस काय? टेक की जरा. हे बघ, तीन घड्यांचा फोन आलाय बाजारात. सतरंजीगत उलगडत जातोय. आन् एवढा उलगडून लोकं बघणार काय? तर तेच, गुड मॉर्निंग आन् गुलाबाचं फूल!

संयोगिता : आबा, ऐका ना माझं.

गणपतराव : आन् एक अंगठी आल्या. बोटात घालून झोपलं की सकाळी सांगती, झोप लागलीती का न्हाय. झोपायचं आपण आन् खबर अंगठीला! काय तरी येडेपणा.

संयोगिता : मलाही मी दिलेल्या तुमच्या स्मार्ट घड्याळानंच खबर दिलीय. काल फोनवर आलं, हृदयाचे ठोके अनियमित पडताहेत, डॉक्टरांना दाखवा. मागंही एकदा आलं होतं, मी म्हटलं, चुकून असेल. तुमच्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, लगेच कोल्हापूरला घेऊन या. पहाटेच निघाले. सगळा रस्ता देवाचं नाव घेत आलेय मी.

गणपतराव : मला? मला काय झालंय? घोड्यागत हाय मी.

संयोगिता : स्टेंट बसवायच्या आदल्या दिवशीही घोडाच होतात तुम्ही.

गणपतराव : मग घड्याळ खुळं झालं आसंल. ह्या कंपन्यांचं काय खरं न्हाय बघ. नवं मॉडेल खपवायचं आसलं की जुन्याला खोकला येतोय.

संयोगिता : हात दाखवा. घड्याळ कुठाय?

गणपतराव : ते व्हय... चार्जिंगला लावलंय.

संयोगिता : चार्जर तर हा इथं रिकामा पडलाय.

(चिमणाबाई चहा घेऊन बाहेर येतात. मनगटावर काळं घड्याळ.)

चिमणाबाई : आगं बया, संयू! फोन न करता आलीस? मी गोठ्यात हुतो, गाडी वाजल्याली कळलीच न्हाय. केवढी वाळलीयास गं. घे, चा घे.

संयोगिता : आई, हे घड्याळ तुझ्या हातात कसं?

चिमणाबाई : ह्यांनीच घातलंय की. दिवाळीपास्नं हातातच हाय. शेण काढताना काढून ठेवत हुतो, तर म्हणालं, आजाबात काढायचं न्हाय, पाण्यानं काय हुत न्हाय त्याला.

संयोगिता : दिवाळीपासून? आबा!

गणपतराव : आता वरडू नगंस. सांगतो. डॉक्टरनं रोज चालाय सांगितलं. चाललो की चार दिवस. गुडघं बोंबलाय लागलं. आन् तू रोज रातच्याला फोन करणार, आबा, आज पावलं कमी पडली, आबा, आज बसूनच हुता का. म्हटलं, पोरगी लांब ऱ्हाती, तिच्या जिवाला घोर कशाला? घातलं हिच्या हातात. ही काय, गोठा, मळा, दुधाची डेअरी, दिसभर भिंगरी. दुसऱ्याच दिवशी तुझा मेसेज आला, शाब्बास आबा.

संयोगिता : मी ऑफिसात सगळ्यांना दाखवत होते. आमचे आबा बघा म्हणून.

चिमणाबाई : म्हंजे हे पावलं मोजायचं हाय व्हय? मला वाटलं, हौसंनं दिलंय. लगीन झाल्यापास्नं पयल्यांदाच आपल्या हातानं कायतरी घातलं माझ्या हातात. डेअरीवरच्या धोंडुबाईलाबी दावलं मी.

गणपतराव : आगं, तसं न्हवं...

संयोगिता : थांबा आबा. घड्याळ दिवाळीपासून आईच्या हातात आहे. म्हणजे ते ठोके तुमचे नाहीत.

गणपतराव : म्हंजे... हिचं?

चिमणाबाई : काय झालं? दोघंबी माझ्याकडं आसं का बघाय लागलाय?

संयोगिता : आई, तुला धाप लागते? छातीत धडधडतं?

चिमणाबाई : ह्या वयात लागायचीच की. वैरणीचा भारा आणला की बांधावर टेकतो जरा. डोळ्याम्होरं अंधारी येती, मग जाती.

संयोगिता : कधीपासून?

चिमणाबाई : दसऱ्याच्या आधीपास्नं आसंल.

संयोगिता : आणि आबांना सांगितलं नाहीस?

चिमणाबाई : त्यांचंच काळीज नाजूक. त्यात माझं आणि कुठं घालू?

गणपतराव : आन् मी हितं बसून कुठला फोन किती घड्यांचा, ते बघत हुतो. संयू, मला लई लाज वाटाय लागल्या बघ. चालली ही, दमली ही, आन् शाब्बासकी घेतली मी.

संयोगिता : मी तरी काय केलं? घड्याळ आणलं ते एकच आणलं. फोनवर आईला विचारायचे काय, तर आबा कुठायत.

चिमणाबाई : आता दोघंबी रडाय बसू नगासा. घ्या हे घड्याळ, ज्याचं त्याला.

गणपतराव : ऱ्हाऊ दे. काढू नगंस. आता मीच घालतोय आसं समज. हौसंनं.

संयोगिता : आई, चल, चप्पल घाल. डॉक्टर थांबलेत.

चिमणाबाई : आता कुठं? उद्या जाऊ. सांजच्या धारा कोण काढायच्या?

संयोगिता : धारांचं काय घेऊन बसलीस! शेजारची स्वप्नाली काढेल.

चिमणाबाई : तिला म्हस लाथ मारती. मागं दुधाची कासंडी पालथी हुता हुता ऱ्हायली.

गणपतराव : मी काढतो.

चिमणाबाई : तुमाला पान्हा सोडणार हाय ती? माझ्याबिगर कुणाला हात लावू देती का?

गणपतराव : तुझं लुगडं घिऊन बसतो अंगावर. आमची आई गावाला गेली की बा तसंच बसायचा.

चिमणाबाई : आख्खं गडमुडशिंगी गाव हसंल.

गणपतराव : हसू दे की. चिमणे, ऐक माझं. म्हस आटली तर दुसरी मिळंल. तू न्हाय मिळायचीस मला.

चिमणाबाई : पोरीसमोर काय बोलताय वो.

गणपतराव : पोरीसमोरच बोलतोय. ऊठ.

संयोगिता : चल आई. हळू. माझा हात धर.

चिमणाबाई : आवो, ऐकलं का... घडी घातलेलं लुगडं नगा घिऊ. कालचं घ्या, खुंटीवरचं. म्हशीला माझा वास लागतोय.