सम्मेदच्या पुस्तकातलं पंधरावं प्रकरण

...आणि वर मलाच विचारतात, वाचलंस कशाला म्हणून. आता तुम्हीच सांगा, पुस्तक वाचायला नाही तर काय पापड झाकायला आणतात? घरात पुस्तक आलं, पोटच्या पोराचं आलं, त्याच्या हॉकीचं आलं, वर त्याचा हेल्मेट घातलेला फोटो, जन्म दिलेल्या आईलाही ओळखू येऊ नये असा, आणि ते मी कपाटात ठेवून द्यायचं? मी आपली नियमाची बाई. नुसतं ठेवून द्यायला मला जमत नाही, तिथंच तर सगळं बिघडलं.

तुम्हाला सांगते, माझा नियम तसा साधा आहे. दोन वर्षांमागं सम्मेदचा उजवा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले बघू, संघवाले म्हणाले बघू, आणि सगळेच बघू म्हणायला लागले की काय समजायचं ते आईला समजतंच. तेव्हा मी आमच्या जैन साध्वी, आर्यिका माताजींपुढं बसले आणि चातुर्मासात स्वाध्यायाचा नियम घेतला. रोज एक प्रकरण, दिवस मावळायच्या आत. णमोकार मंत्र म्हणून जो ग्रंथ उघडला तो पुरा करायचा, मधे दुसरा उघडायचा नाही. वाचन चुकलं तर त्या दिवशी उपवास, पण असे दिवस लागोपाठ तीनच, चौथ्या दिवशी वाचायचंच. आणि काय सांगू, गुडघा बरा झाला हो! पोरगं लीगच्या संघात गोलकीपर म्हणून पुन्हा उभं राहिलं. आता असा नियम कुठली आई मोडेल?

यंदा काय झालं, चातुर्मास बसला त्याच सकाळी कुरियरवाला दारात. साताऱ्याचा विश्वजित म्हणून एक मुलगा आहे, वर्तमानपत्रात खेळाच्या बातम्या लिहितो, त्यानं हे सम्मेदचं चरित्र लिहिलेलं. सत्तावीस वर्षांच्या पोराचं चरित्र... माझं त्या वयात कुणी लिहिलं असतं तर भाकरीसकट चार ओळींत संपलं असतं. पण कौतुक वाटलंच. चौरंगावर ठेवलं, अक्षता वाहिल्या, सवयीनं तोंडातून णमोकार आला आणि बसल्या बैठकीला पहिलं प्रकरण वाचून काढलं. नंतर लक्षात आलं काय झालं ते. माताजींकडं धावले, म्हटलं हे बाजूला ठेवून पुराण उघडू का. त्या हसल्या आणि म्हणाल्या, णमोकार म्हणून उघडलंस ना, मग पुरं कर. झालं. हॉकीचं पुस्तक माझा ग्रंथ झालं. रोज बासनातून काढायचं, वाचायचं, बासनात बांधायचं. आमचे हे हळदीच्या पोत्याला टेकून हसतात, म्हणतात आज काय, पेनल्टी कॉर्नरचा अध्याय का?

सम्मेदला फोनवर सांगितलं, तर त्यानं म्हणे ते उघडलंच नव्हतं. ज्याचं पुस्तक त्यालाच पत्ता नाही! तुम्हाला सांगते, या हॉकीवाल्यांचं वाचन म्हणजे निराळाच कारभार आहे. मागं एकदा लाडू घेऊन मी त्यांच्या मुक्कामावर गेले होते, तर प्रत्येकाच्या उशाशी एकेक पुस्तक. वाटलं, काय गुणी पोरं. मग एकेक कळायला लागलं. पंजाबचा एक सरदार पोरगा चार वर्षं एकाच पुस्तकाच्या चाळिसाव्या पानावर बसलाय, कारण त्या पानावर असताना ते जिंकले होते. झारखंडचा दुसरा, तो सामन्याच्या सकाळी फक्त शेवटचं पान वाचतो आणि पुस्तक दिसेल त्याला देऊन टाकतो. कोचनं मन घट्ट करायची इंग्रजी पुस्तकं वाटली होती, ती सगळी गाद्यांखाली, झोपताना पाय उंच राहावेत म्हणून. जुन्या खेळाडूंची चरित्रं मात्र आवडीनं वाचतात, पण दुखापत आली की पुस्तक मिटतात, पुढचं पान कुणी बघत नाही. आणि स्वतःवरचं पुस्तक तर कुणी हातातसुद्धा धरत नाही. मी म्हटलं का रे बाबा? तर सम्मेद म्हणाला, "आई, आपलं लिवल्यालं वाचलं की पाय जड हुतो." हे असं बोलला, आणि मी रोज मोठ्यानं वाचतेय!

पण थांबायचं कसं? मी आपली नियमाची बाई.

आता ऐका. तिसऱ्या प्रकरणात होतं, सम्मेद सहावीत असताना आईनं त्याची पहिली स्टिक दोन दिवस ज्वारीच्या कणगीत लपवून ठेवली. बरोबर आहे, ठेवली होती, अभ्यास करावा म्हणून. पण हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं, ह्यांना नाही, सम्मेदला नाही. आणि पुढं होतं, हात खाली घालताना तिची एक बांगडी फुटली आणि तिनं काचा पदरात गोळा केल्या. माझा हात तसाच पानावर राहिला हो... पदरातल्या काचांचं कोण सांगणार? कणगी?

मग पानं ओली लागायला लागली. रोज नाही, सामना असेल त्या दिवशी. ते हिरवं टर्फ असतं ना, त्याला सामन्याआधी पाणी मारतात, त्याला ओल्या रबरासारखा एक वास येतो, मी मैदानावर घेतलाय तो. तोच वास आमच्या देवघरात, भर सकाळी, बाहेर लख्ख उघडीप असताना. आणि बासनातून बारीकसा आवाज... टक. थोड्या वेळानं परत टक. लाकडी फळीला चेंडू लागावा तसा. हे म्हणाले, पावसाळा हाय, ओल धरणारच, आन् आवाज पालीचा आसंल. मी म्हटलं असेल. पोराचं पुस्तक आहे, पोरासारखंच असणार, एका जागी गप्प बसायचं नाही.

अनुक्रमणिकेत चौदा प्रकरणं. बुधवारी चौदावं संपलं. गुरुवारी समाप्तीच्या अक्षता वाहायला म्हणून उघडलं, तर चौदाव्याच्या मागं पंधरावं. काल नव्हतं. मी पानं मोजली होती, मला मोजायची सवय आहे. बरं, छापलेलं, तीच अक्षरं, तोच कागद. लिहिलं होतं, रविवारी अंतिम सामना सुरू झाला तेव्हा सांगलीकडं दिवस मावळत होता. शेवटचं मिनिट उरलं असताना सम्मेद गोल सोडून पुढं धावला आणि समोरचा खेळाडू त्याच्या उजव्या गुडघ्यावर... आणि पान संपलं.

गुरुवार होता, लक्षात घ्या. अंतिम सामन्यात कोण जाणार हेसुद्धा ठरलं नव्हतं. ते शुक्रवारी ठरलं.

आता माझी गोची बघा. पान उलटलं आणि जे लिहिलंय ते खरं झालं तर? पाय जड होतो म्हणालाच होता पोरगा. आणि नाही उलटलं तर नियम मोडतो, आणि नियम घेतला कशासाठी? त्याच गुडघ्यासाठी! इकडून गुडघा, तिकडूनही गुडघाच. मी पुस्तक मिटलं आणि उपवास धरला. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. चौथ्या दिवशी म्हणजे रविवारी दिवस मावळायच्या आत वाचणं भाग. आणि सामना सातला. म्हणजे आधी मी वाचणार, मग ते खेळणार.

ह्यांना दाखवलं तर चष्म्याशिवाय म्हणाले कोरं हाय, चष्मा लावून म्हणाले चौदाच हायत, आणि मग चष्मा काढून शेतावर निघून गेले, ते दुपारच्या जेवणालाही आले नाहीत. शनिवारी विश्वजितला बोलावलं, साताऱ्याहून बिचारा एसटीनं आला. त्यानं ते पान वाचलं. परत वाचलं. घाम पुसला आणि म्हणाला, "काकी, हे मी लिहिलेलं नाही. वाक्यं मात्र चांगली आहेत." लेखक म्हणजे काय जात आहे बघा. म्हटलं, मग बाबा, पुढचं पान तू उलट, तुझा काही नियम नाही. तर त्याला एकदम साताऱ्याची गाडी आठवली. चहासुद्धा अर्धा टाकून गेला.

शेवटी सम्मेदला फोन केला. सगळं सांगितलं नाही, एवढंच म्हटलं, शेवटच्या मिनिटाला पुढं धावू नकोस रे. तर म्हणाला, "पुढचं वाचलंस?"

"नाही."

"मग नगं वाचू, आई."

इतकंच. गोलकीपर हो तो, पुढं धावू नको म्हणून कोण ऐकणार?

आता वाट कुठली? विचार करता करता एक वाट सापडली, आणि सापडली तशी माझी मलाच लाज वाटली. सोयरसुतक! भावकीत कुणी गेलं किंवा कुणी जन्मलं की ग्रंथाला शिवायचं नाही, नियम आपोआप थांबतो, मोडत नाही. मी कुणाचं वाईट चिंतलेलं नाही, सांगून ठेवते. पण शनिवारी दुपारी मी चुलत सासऱ्यांना बघून आले. भरतेशआप्पा, एक्याण्णव वर्षांचे. सहज. मुगाचं कढण घेऊन. नाडी बघावी तसा हात हातात घेतला, झोप लागते का विचारलं, छातीत कसं वाटतंय विचारलं. ते कढण प्याले, माझ्याकडं टक लावून बघितलं आणि म्हणाले, "गुणमाला, तुला घाई हाय का काय?" धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. घरी येऊन त्या पापासाठी दोन माळा जास्त ओढल्या.

पण दुसरी बाजू होतीच की! पुतण्याची बायको सुंदरी, कडेगावला असते, पुतण्या तिथं साखर कारखान्यात. दिवस भरत आलेले. डॉक्टरनं पुढच्या आठवड्यातली तारीख दिलेली. मी फोन लावला. कशी आहेस विचारलं. तासानं परत लावला. परत लावला. सुंदरी गुणाची पोर, पण पाचव्या फोनला म्हणाली, "काकी, म्या काय कुकर हाय व्हय, शिट्टी कवा हुतीय म्हणून बघाय?" बरोबर आहे तिचं. मी ठेवून दिला आणि देवासमोर बसले. मागितलं काही नाही. आपल्यात मागत नाहीत. नुसती बसले.

रविवार उजाडला. दुपारी दोनला कडेगावहून पुतण्याचा फोन, सुंदरीला दवाखान्यात आणलंय. चार वाजले. पाच. सहा वाजता मी बासन सोडलं. पानं इतकी ओली की बोटांना गार लागत होती, आणि तो वास, आणि आत टक, टक, टक, आता थांबतच नव्हतं... जसं कुणी सराव करतंय. गल्लीत कुत्रं भुंकत नव्हतं. भिंतीवरचं ऊन वर वर सरकत चाललं. साडेसहा. पाऊण तासाच्या कामाला माझ्याकडं अर्धा तास, आणि मी पानाच्या कोपऱ्याला बोट लावून बसलेली. पान माझं बोट खाली ओढत होतं, खोटं नाही सांगत, चेंडूला दोरी बांधून ओढावी तसं. मी णमोकार म्हणत होते आणि पान वर यायला लागलं होतं. ओळीतलं पहिलं अक्षर दिसलं. आ.

फोन वाजला. मुलगी झाली! सोयर लागलं! मी बोट काढून घेतलं आणि पुस्तकापासून अशी मागं सरकले की थेट उंबऱ्याला आपटले. ह्यांनी बाहेरून विचारलं काय झालं, मी म्हटलं नात झाली आणि रडायला लागले, ते म्हणाले नात झाली तर रडतीस कशाला, त्यांना काय सांगू?

सामना मोबाईलवर बघितला, दोघांनी मिळून. शेवटचं मिनिट. सम्मेद पुढं धावला. तो समोरचा धिप्पाड गडी त्याच्या उजव्या गुडघ्यावर आदळला, मी बघितलं, डोळे मिटले नाहीत. दोघं पडले. चेंडू बाजूला गेला. आणि माझं पोरगं उठलं, पॅड झटकले आणि जागेवर जाऊन उभं राहिलं. जिंकले.

दहा दिवस पुस्तकाला हात लावला नाही. अकराव्या दिवशी न्हाऊन, घर पुसून उघडलं आणि पान उलटलं. लिहिलं होतं, आदळला, पण काही झालं नाही, कारण त्याच संध्याकाळी कडेगावात कुणीतरी जगात नवं आलं होतं आणि तिची मोठी आजी मागं सरकली होती.

वाटलं ना संपलं? मलाही वाटलं. त्याच्यामागं सोळावं. दुसऱ्या दिवशी सतरावं. कालचं तिसावं होतं. ग्रंथ पुरा होईपर्यंत सोडायचा नाही, आणि हा पुरा होतच नाही. माताजींना विचारलं तर म्हणाल्या, वाचत राहा. विश्वजित फोन करून दुसरी आवृत्ती काढू म्हणतो, पण न्यायला येत नाही. आणि सम्मेद, जो स्वतःवरचं कधी वाचायचा नाही, तो आता रोज विचारतो, आज माझं काय हाय का त्यात? कसं सांगू त्याला, बाळा, त्यात आता हॉकी नाहीच, त्यात आता सगळी मीच आहे.

काल पान भरून लिहिलं होतं, आईनं अंगणात मिरच्या वाळत घातल्या. मी घातल्या नव्हत्या. श्रावणात मिरच्या कोण वाळत घालतं? आभाळ गच्च, झड लागलेली, शेजारीण दारात उभी. पण आता लिहून आलंय म्हटल्यावर काय करता... मी आपली नियमाची बाई. उठले, डबा काढला आणि भर पावसात मिरच्या वाळत घातल्या.