नातीचं नाक आणि गाडीचं लायसन

त्या दिवशी ऊन लख्ख, आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि वारा असा की आमची वाळत घातलेली चादर शेजारच्या गच्चीत जाऊन बसली. लोक म्हणत होते, वा, काय हवा आहे, आणि तुम्हाला सांगतो, मी त्या हवेला शिव्या घालत होतो, कारण असल्या हवेत मैदानातल्या गवताची पिवळी धूळ उडते, ती थेट माझ्या नातीच्या नाकात शिरते, आणि त्याच दिवशी, त्याच मैदानात, तिची गाडी चालवायची परीक्षा होती!

दुसऱ्यांदा, बरं का. पहिल्या खेपेला पोरीनं चढावर गाडी उभी केली आणि शिंक. एक कसली, माळच लागली. शिंकताना डोळे मिटतातच, त्याला कोण काय करणार? ब्रेकवरचा पाय सुटला, गाडी मागं, आणि परीक्षेच्या साहेबांचं टेबल... जाऊ द्या. तिला नोकरी देऊ केलेल्या बेकरीच्या मालकीणबाई तेवढ्या भल्या. म्हणाल्या, "आजोबा, पावाच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून मी तिलाच ठेवीन, पण लायसनसाठी महिनाअखेरपर्यंतच थांबेन हं."

म्हणून तिला दवाखान्यात नेलं. तिथल्या नर्सबाई, आवाज मऊ पण नजर मास्तरणीची. "नाकाचा फवारा देतात ना तुला? मारून दाखव." आमच्या बाईसाहेबांनी मान मागं टाकली आणि सूंऽऽ, कढत चहा ओढावा तसं.

"झालं, औषध घशात गेलं. नाक उपाशीच. आणि मारतेस कधी?"

"शिंका आल्या की."

"म्हणजे तहान लागल्यावर विहीर. अगं, रोज मारायचा, शिंक असो नसो, गवत फुलायच्या आधीपासून."

"मागं मारला की चार दिवस. काही फरक नाही."

"चार दिवसांत नवी चप्पलसुद्धा पायाला बसत नाही, बाळ."

मग शिकवलं. मान जराशी खाली, नळीचं तोंड नाकपुडीच्या बाहेरच्या अंगाला, आणि जोरात ओढायचं नाही. "आता तू मला शिकव," म्हणाल्या. तिनं शिकवलं. मला वाटलं, सुटलो, तर बाई माझ्याकडं वळल्या. "आजोबा, आता तुम्ही." आता माझ्या नाकाला काय धाड भरलीय? पण बसलो बापडा, मान खाली, नळी बाहेरच्या अंगाला, आणि ओढायचं नाही...

त्या दिवसापासून आमच्या घराला जे वेड लागलं, काय सांगू. रोज सकाळी तिनं दात घासले की मी मोरीच्या दारात हजर. फवारा झाला? झाला. ओढलंस? नाही हो आजोबा. आणि ती तरी कुठं गप्प? दूधवाला नुसता बाहीला नाक पुसत आला, तर त्याला उंबऱ्यातच उभं केलं, "काका, मान खाली, नळी बाहेरच्या अंगाला, आणि ओढायचं नाही." तो बिचारा दूध द्यायचं विसरून गेला.

तर परीक्षा. शेजारच्या मेकॅनिकची गाडी. त्यानंच तिला शिकवलेलं, तो आणि मी कुंपणाशी उभे. गाडी चढाला लागली. वारा आला, गवत हललं, मी डोळे मिटले... शिंक नाही! गाडी चढावर थांबली, तिथून पुढं सरकली, माझ्या जिवात जीव आला. अन् बघतो तर शेजारी बसलेल्या साहेबांनाच शिंका. एक, दोन, तीन. साहेबांनी खिशातून फवारा काढला, मान मागं टाकली आणि सूंऽऽ.

मी कुंपणाची तार धरली. मनात म्हटलं, पोरी, पुढं बघ, त्यांचं नाक त्यांना लखलाभ, तू पुढं बघ. पण ऐकेल ती आमची नात कसली? भर वळणावर, जिथं थांबायचं नाही असा ढळढळीत फलक, तिथं गाडी उभी राहिली. मागं दुसरी गाडी हॉर्न वाजवतेय, हिचे हात चाललेत, आणि साहेब मान खाली घालून बसलेत, नळी बाहेरच्या अंगाला.

उतरली ती हसतच. "आजोबा, एकसुद्धा शिंक नाही."

"आणि निकाल?"

"नापास. वळणावर थांबवली म्हणून." मग हळूच म्हणाली, "पण साहेब म्हणाले, औषध घशात उतरलं नाही असं आज पहिल्यांदाच झालं. शुक्रवारी परत बोलावलंय."

शुक्रवार म्हणजे महिन्याचा शेवटचा दिवस. आता तिला रागवू की पाठ थोपटू? मेकॅनिकनं तिच्याकडून किल्ली घेतली, गाडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाला, "गाडी माझी, नात तुमची, आणि पास कोण झालं आजोबा? नाक."