काचेआडचा माग

चिमणी : काका, थांबा, थांबा, तो स्क्रू फिरवू नका! ही काच कुणी मागवली?

सुतारकाका : मोठ्या बाईंनी. या हातमागापुढे बसवायची, वर कुलूप. मी आपला सांगितल्या कामाचा.

चिमणी : अहो पण हा माग आपण बालवाडीच्या पोरांसाठी केलाय ना! त्यांच्या गुडघ्याला येईल एवढा, सूत सरकवायचा धोटा मुठीत मावेल एवढा! सात वेळा तासायला लावला मी तुम्हाला!

सुतारकाका : नऊ वेळा. शिव्या मनातल्या मनात दिल्या.

बाई : काय आरडाओरडा लावलाय? उद्या तपासणीला पाहुणे येणार आहेत.

चिमणी : बाई, तुम्हीच म्हणालात ना, गल्लीतले माग सगळे बंद पडले, खेळाची खोली अशी आखून दे की पोरांना माग म्हणजे काय ते कळेल?

बाई : कळेल की! काचेतून दिसेल. खाली माहितीची पाटीपण लावतेय.

चिमणी : पाटी? तीन वर्षांची आहेत हो ती!

बाई : हसू नका, काका. आणि पोरांनी विणलेलं हे कापड बघ. वाकडं, मध्ये भोक, हा कोपरा तर चक्क कुणीतरी चावलाय!

चिमणी : चावणारच! बाई, तुम्ही दुपारी इथे येऊन बघितलंय कधी? एकट्याचा हात पलीकडे पोचत नाही, म्हणून दोघं दोन बाजूंना बसतात. एकाने धोटा सरकवायचा, दुसऱ्याने धरायचा. कुणी शिकवलं नाही, त्यांचं त्यांनीच काढलं! ती गप्प पोरगी, दोन महिने शाळेत तोंड उघडलं नव्हतं जिने, ती काल धोटा सरकवताना म्हणाली, ‘घे’. मग पुन्हा, ‘घे’. दिवसभर तेच!

बाई : ...मला कुणी सांगितलं नाही.

चिमणी : आता सांगतेय!

बाई : ऐकलं. पण मोडला, कुणाला लागलं, तर जबाबदार मी. उद्यापुरती तरी काच लागणारच. काका, बसवा.

चिमणी : बसवा. ही बघा, बसले मी मागाला टेकून. माझ्यासकट बसवा!

बाई : काका, उठवा हिला.

(सुतारकाका स्क्रूड्रायव्हर खाली ठेवतात.)

सुतारकाका : चिमणे, सरक जरा तिकडे. माझे गुडघे दुखतात, मलाही बसायला भिंतीकडची जागा दे.