नवऱ्याचं अक्षर

मी दुसऱ्यांच्या बोलण्याला कान देणारी बाई नव्हे. पण बीडच्या दवाखान्यात पुढं बसून शेजारच्या बाईशी बोलणाऱ्या मंजुळाबाईचा आवाजच तसा होता.

"हितल्या मडमेनं माज्या सुनेला दाईचं काम शिकवायला घेतलं न्हाई. म्हणती, ढ हाय."

"कावून?"

"इंग्रजी अक्षर दाखवून म्हणली, हे तुज्या नवऱ्याच्या नावातलं पयलं अक्षर. आता ह्या अक्षराचे इंग्रजी शब्द सांग."

"अगं बाई. मग?"

"मग काय? चांगल्या घरची सून नवऱ्याच्या नावातलं अक्षर तोंडात घेईल का? बसली गप."

"मंग आज तुमी कशाला आलाव, मंजुळाबाई?"

"सांगायला. रबर, रोड, रेड. जात्यावर ती दुसऱ्या अक्षरांचे शब्द म्हणती, ह्या अक्षराचे नुसते पाटीवर लिहिती. हे तीन मी तिच्या पाटीवरून नातवाकडून वाचून घेतले. राधाकिशनला नऊ महिने पोटात वागवलाय मी. मला कोण अडवतंय?"